कुपीवरचा आकडा आणि रक्तातला आकडा

चिंचपोकळी, लालबाग, परळ या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला कर्करोग हा शब्द परका राहत नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे उपचारांसाठी येथे येत आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे पदपथ आणि औषधांच्या दुकानांपुढील रांगा यांतून त्या वाटचालीचे दर्शन रोज घडते. या परिसरातील व्यापारी कुटुंबांनी या माणसांसाठी अन्न, निवारा आणि औषधे यांच्या रूपाने पुष्कळ केले आहे. आपल्या परंपरेत आहारदानाच्या जोडीने औषधदानाची गणना होते, त्यामुळे यात नवल नाही.

आमच्या भागातील एका लहानशा वैद्यकीय मदत निधीचे हिशेब निवृत्तीनंतर मी पाहतो. मदतीसाठी येणाऱ्या अर्जांत एका औषधाचे नाव वारंवार दिसते : एल-अ‍ॅस्परॅजिनेज. रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार असलेल्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावर, विशेषतः लहान मुलांमध्ये, हे औषध दिले जाते. नाव एकच, कुपीवर छापलेली मात्राही सारखी; परंतु कंपनीगणिक किमती मात्र वेगवेगळ्या. दाते साहजिकच विचारतात, ‘एवढ्या रकमेत किती कुप्या येतील?’ प्रश्न सद्भावनेचा आहे, पण तो अपुरा आहे. या औषधाच्या बाबतीत कुपीवर छापलेला आकडा आणि ते टोचल्यावर मुलाच्या रक्तात प्रत्यक्ष आढळणारा आकडा यांत अंतर पडू शकते. त्या अंतराचा हिशेब ठेवणे हाच हा उपचार सुरक्षित करण्याचा मुख्य मार्ग आहे. हे असे का, ते सविस्तर पाहू.

शतावरीच्या कुळातून आलेले नाव

आपल्या घरी शतावरी ठाऊक असते. तिच्याच कुळातील अ‍ॅस्परॅगस या भाजीच्या रसातून १८०६ साली वोक्लँ आणि रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी एक पदार्थ वेगळा काढला. त्या वनस्पतीवरून त्याला अ‍ॅस्परॅजिन हे नाव पडले. हे एक अमिनो आम्ल आहे. प्रथिने ज्या घटकांची बनलेली असतात, त्यांपैकी ते एक होय. आपल्या निरोगी पेशींना ते बाहेरून मिळाले नाही तरी अडत नाही, कारण त्या ते स्वतः तयार करू शकतात.

ल्युकेमियाच्या बिघडलेल्या पेशींची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यात अ‍ॅस्परॅजिन तयार करण्याची क्षमता फारच तुटपुंजी असते. रक्तात जे आयते मिळेल त्यावर त्यांचे भागते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर निरोगी पेशीची स्वतःची कमाई आहे आणि ही पेशी सर्वस्वी उसनवारीवर जगते. उसनवारी थांबली की तिचा कारभार आटोपतो.

ही उसनवारी थांबवण्याचे काम अ‍ॅस्परॅजिनेज करते. ते एक एन्झाइम आहे, म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘विकर’. ते रक्तातील अ‍ॅस्परॅजिनचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि अमोनिया यांत विघटन करते. रक्तातील साठा संपला की कर्करोगाच्या पेशी उपासमारीने मरतात आणि निरोगी पेशी बहुतांशी तगून राहतात.

हा शोध योगायोगाने लागला. अमेरिकेत १९५३ साली जॉन किड यांना असे आढळले की गिनी पिग या प्राण्याच्या रक्तातील द्रव टोचल्यावर उंदरांमधील काही लसीका-अर्बुदे आक्रसतात. त्या द्रवातील नेमका कोणता घटक हे घडवून आणतो, हे १९६१ मध्ये ब्रूम यांनी दाखवले : तो घटक म्हणजे अ‍ॅस्परॅजिनेज. पुढे १९६४ मध्ये मॅशबर्न आणि रिस्टन यांनी ई. कोलाय या जिवाणूतून मिळणारे हेच विकर तसेच काम करते, हे सिद्ध केले आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादनाची वाट मोकळी झाली.

आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून येथेच स्पष्ट करतो. आजच्या कुपीतील विकर प्राण्यांच्या रक्तातून काढलेले नसते. ते जिवाणूंच्या संवर्धनातून मिळवतात. दुसरे असे की, अमुक भाजी वर्ज्य केल्याने रक्तातील अ‍ॅस्परॅजिन संपत नाही, कारण शरीर ते स्वतःच बनवते. पथ्य हा या औषधाला पर्याय नव्हे.

परळमध्ये काय घडले

१९७० च्या दशकाच्या आरंभी भारतात या आजाराची दहा मुले उपचारांसाठी आली, तर त्यांतील जेमतेम दोन वाचत. १९८४ च्या सुमारास टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे डॉ. इयन मॅग्राथ यांच्या सहकार्यातून ‘एमसीपी ८४१’ नावाची उपचारपद्धती आखली गेली. मुंबईचे टाटा मेमोरियल, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट या तिन्ही ठिकाणी ती वापरली गेली. अनेक औषधांच्या त्या साखळीत अ‍ॅस्परॅजिनेजही होते. दोन दशकांच्या अनुभवाचा आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा रोग न उलटता चार वर्षे पार करणाऱ्या रुग्णांचे प्रमाण या केंद्रांत ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत पोहोचलेले दिसले.

श्रीमंत देशांत आज हे प्रमाण मुलांमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास आहे. मधले अंतर केवळ नव्या औषधांच्या अभावामुळे पडलेले नाही. औषधे बहुतांशी तीच आहेत. जंतुसंसर्ग वेळीच ओळखणे, उपचार अर्ध्यावर न सोडणे, दुष्परिणाम सांभाळणे आणि औषधाची गुणवत्ता राखणे या गोष्टींतही ते अंतर दडलेले आहे. अ‍ॅस्परॅजिनेजच्या सुरक्षिततेचा प्रश्न येथेच येतो.

औषध परके, म्हणून धोका

जिवाणूचे प्रथिन आपल्या शरीराला परके असते. शरीराची संरक्षणव्यवस्था त्याला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यामुळे काही मुलांना इंजेक्शननंतर अंगावर पित्त उठते, ओठ वा चेहरा सुजतो, श्वास लागतो, रक्तदाब घसरतो. पहिल्या मात्रेला काहीच झाले नाही म्हणून पुढच्या मात्रांना होणार नाही, असे समजता येत नाही. अनेकदा पुढच्या मात्रांनाच प्रतिक्रिया उमटते. म्हणून इंजेक्शननंतर किमान तासभर रुग्णालयात देखरेखीखाली थांबण्याचा आग्रह धरला जातो. परतीची गाडी गाठण्यासाठी हा तास वाचवू नये.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक कपटी आहे. काही मुलांमध्ये प्रतिपिंडे तयार होतात, परंतु अंगावर काहीच उमटत नाही. औषध टोचले जाते, नोंदवहीत मात्रा लिहिली जाते, कुटुंबाचे पैसे खर्च होतात. मात्र शरीर ते औषध निष्प्रभ करून टाकते. चेक खात्यात भरावा, पावती मिळावी आणि चेक वटूच नये, तसा हा प्रकार. डॉक्टर याला ‘मूक निष्क्रियता’ म्हणतात. रक्त तपासल्याखेरीज ती कळत नाही. प्रतिक्रिया येऊ नये म्हणून आधी स्टिरॉइड वा अ‍ॅलर्जीविरोधी औषध दिले तर लक्षणे दबतात, पण प्रतिपिंडे तशीच राहतात. त्यामुळे अशा वेळी रक्ततपासणीची गरज आणखी वाढते.

याखेरीज काही दुष्परिणाम विकराच्या कामातूनच उद्भवतात. यकृतात तयार होणाऱ्या प्रथिनांवर परिणाम होऊन रक्त गोठण्याचा तोल ढळतो आणि हातापायांच्या किंवा मेंदूच्या शिरांत गुठळी होऊ शकते. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. रक्तातील साखर आणि चरबी वाढते, यकृतावर ताण येतो, क्वचित अमोनिया साठून मूल गुंगीत जाते. हे विकर ग्लुटामिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचेही काही प्रमाणात विघटन करते आणि काही त्रासांचे मूळ त्यात असल्याचे मानले जाते.

सुरक्षिततेचे चार मार्ग

पहिला मार्ग म्हणजे विकराला आवरण घालणे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल या संयुगाच्या साखळ्या विकराला जोडल्या की संरक्षणव्यवस्थेला ते सहज ओळखता येत नाही आणि ते शरीरात अधिक काळ टिकते. साध्या ई. कोलाय विकराची मात्रा निम्मी होण्यास सुमारे सव्वा दिवस लागतो. आवरणयुक्त विकराला साडेपाच ते सहा दिवस लागतात. म्हणून साधे औषध एक दिवसाआड द्यावे लागते, तर आवरणयुक्त औषधाचे एक इंजेक्शन साधारण दोन आठवडे पुरते. सुया कमी, फेऱ्या कमी आणि प्रतिक्रियाही तुलनेने कमी. अमेरिकेत या औषधाला १९९४ साली मान्यता मिळाली. आपल्याकडे पुण्याची जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही कंपनी ते बनवते. मात्र आवरण म्हणजे अभेद्य कवच नव्हे. काही रुग्णांमध्ये त्या आवरणाविरुद्धही प्रतिपिंडे तयार होतात.

दुसरा मार्ग म्हणजे विकराचे मूळच बदलणे. एर्विनिया या निराळ्या जिवाणूपासून मिळणारे अ‍ॅस्परॅजिनेज ई. कोलायच्या विकरापेक्षा वेगळ्या घडणीचे असते. त्यामुळे पहिल्याची अ‍ॅलर्जी आलेल्या मुलाला दुसरे देता येते. ते शरीरात फार काळ टिकत नाही, सोळा तासांच्या आसपास निम्मे होते. म्हणून वरचेवर द्यावे लागते आणि ते महागही पडते. जगभर त्याचा वारंवार तुटवडा होत असे. २०२१ साली अमेरिकेने त्याच विकराच्या, परंतु जनुकीय तंत्राने दुसऱ्या जिवाणूत तयार केलेल्या रूपाला मान्यता दिली, त्यामागे हा तुटवडा हे एक कारण होते.

तिसरा मार्ग म्हणजे विकराची घडणच सुधारणे. यात महाराष्ट्राचा आणि मुंबईचा संबंध जवळचा आहे. प्रा. अविनाश सोनवणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलायच्या विकरातील मोजके घटक बदलून नवी रूपे तयार केली. विकराच्या पृष्ठभागावरील ज्या जागा पाहून शरीर प्रतिपिंडे तयार करते, त्याच जागा त्यांनी बदलल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात अशा रूपांची कर्करोगविरोधी क्रिया सुधारल्याचे आणि उंदरांमध्ये प्रतिपिंडे कमी निर्माण झाल्याचे दिसले. पुढे इंदूरच्या आयआयटीमध्ये हे काम चालू राहिले. टाटा मेमोरियल सेंटरचेच खारघर येथील संशोधन केंद्र ‘अ‍ॅक्ट्रेक’ आणि मुंबईची एपिजेन बायोटेक ही कंपनी यांच्या सहकार्याने हे औषध मानवी चाचणीच्या पहिल्या टप्प्यापर्यंत आले. २०२१ साली त्या टप्प्याची घोषणा झाली. पहिल्या टप्प्यात औषध सुरक्षित आहे का आणि मात्रा किती असावी, एवढेच तपासतात. जुन्या औषधाच्या तुलनेत ते कितपत गुणकारी आहे, याचा निर्णय पुढच्या टप्प्यांत होतो. वर्तमानपत्रातील मथळा वाचून ‘नवे औषध मिळवून द्या’ असा डॉक्टरांपाशी आग्रह धरण्यापूर्वी कुटुंबांनी एवढे लक्षात ठेवावे.

चौथा मार्ग सर्वांत साधा आहे आणि माझ्या मते आपल्यासारख्यांच्या आवाक्यातला आहे : मोजणे. औषध दिल्यानंतर ठरावीक दिवशी रक्ताचा लहानसा नमुना घेऊन त्यातील विकराची क्रियाशीलता तपासतात. दर मिलिलिटर रक्तद्रवात ती किमान ०.१ युनिट असावी, असा निकष सर्वसाधारणपणे मानला जातो. आवरणयुक्त औषधासाठी सातव्या आणि चौदाव्या दिवशी, तर साध्या औषधासाठी पुढच्या मात्रेपूर्वी नमुना घेण्याचा प्रघात आहे. आकडा पुरेसा असेल तर उपचार निर्धास्त चालू ठेवता येतो. तो नसेल तर डॉक्टर औषधाचा प्रकार बदलण्याचा विचार करू शकतात. न वटलेला चेक महिनाअखेरच्या पासबुकात कळण्याऐवजी त्याच आठवड्यात कळतो.

मापात पाप

‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग व्यापाऱ्याच्या घरात वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अ‍ॅस्परॅजिनेजचे माप ग्रॅममध्ये नसते, युनिटमध्ये असते. शरीराच्या तापमानाला एका मिनिटात एक मायक्रोमोल अमोनिया सुटा करील एवढी क्रिया म्हणजे एक युनिट. म्हणजे कुपीत किती भुकटी आहे यापेक्षा ती किती काम करते, यावर तिचे मोल ठरते. झवेरी बाजारात जसे वजनाबरोबर कसही पाहतात, तसेच हे.

हे विकर जिवंत जिवाणूंपासून तयार होत असल्यामुळे त्याचे शुद्धीकरण फार काटेकोर असावे लागते. जिवाणूची इतर प्रथिने त्यात उरली तर प्रतिक्रियांचा धोका वाढतो. क्रियाशीलता घटली तर रोग उलटण्याचा धोका वाढतो. कोलकात्याच्या टाटा संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी भारतातील बाजारात मिळणाऱ्या ई. कोलाय अ‍ॅस्परॅजिनेजच्या अनेक उत्पादनांची तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने या उत्पादनांची गुणवत्ता असमाधानकारक असल्याचा निष्कर्ष काढला आणि त्याचा उपचारांच्या फलितावर परिणाम होऊ शकतो, असा इशारा दिला.

याचा अर्थ स्वस्त औषध वाईट आणि महाग औषध चांगले, असा काढू नये. देशभरातील कर्करोग केंद्रांच्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ या जाळ्याने याचे उत्तम उदाहरण घालून दिले आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या या जाळ्यातील २३ केंद्रांनी ४० औषधांची एकत्रित खरेदी केली, तेव्हा सुमारे १,३२० कोटी रुपयांची बचत झाल्याचा हिशेब २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. घाऊक मागणी, गुणवत्तेच्या अटी आणि एकत्र बोलणी : आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलीच ही रीत आहे. किंमत उतरवता येते. अट मात्र कसाची ठेवावी लागते.

कुटुंबांनी काय करावे

घरातील वा ओळखीतील मुलाला हे औषध सुरू होणार असेल तर पुढील गोष्टींची नोंद ठेवावी.

कुपीवरील कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख वहीत लिहावी किंवा मोबाइलवर तिचे छायाचित्र काढून ठेवावे. पुढे काही घडले तर डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. एक कंपनी सोडून दुसऱ्या कंपनीचे औषध घ्यायचे झाल्यास ते आधी डॉक्टरांना दाखवावे. दुकानदाराच्या शब्दावर बदल करू नये.

हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असते. दुकानातून रुग्णालयात नेताना बर्फाच्या पिशवीसह थंड डब्यातून न्यावे. फ्रीझरमध्ये गोठवू नये. आवरणयुक्त औषधाची कुपी जोरात हलवूही नये.

घरी आल्यावर तीव्र पोटदुखी होऊन ती पाठीकडे जात असेल, सतत उलट्या होत असतील, जबर डोकेदुखी, झटके, एखाद्या हाताची वा पायाची सूज, खूप तहान आणि वारंवार लघवी, डोळ्यांत पिवळेपणा किंवा असाधारण गुंगी दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

उपचार चालू असताना मुलाने उपवास करावा की नाही, तळलेले खावे की नाही, घरगुती चूर्ण वा काढा घ्यावा की नाही, हे प्रश्न संकोच न करता डॉक्टरांना विचारावेत. आजीच्या श्रद्धेचा मान राखूनही ‘आधी डॉक्टर आजोबांना विचारू’ असे म्हणता येते.

दात्यांनी काय विचारावे

आता पुन्हा हिशेबाच्या वहीकडे वळतो. आमच्या निधीच्या बैठकीत आता अर्जासोबत औषधाचे कोटेशन येते, तेव्हा आम्ही रुग्णालयातील डॉक्टरांकडून तीन गोष्टींची उत्तरे मागतो. हे उत्पादन तुमच्या विभागाने पसंत केलेले आहे का? रक्तातील क्रियाशीलता तपासण्याची सोय आहे का, आणि तिचा खर्च किती? इंजेक्शननंतर देखरेखीसाठी कुटुंबाला मुंबईत राहावे लागणार असेल तर त्यांची निवाऱ्याची व्यवस्था झाली आहे का?

या प्रश्नांमुळे काही वेळा दहा कुप्यांऐवजी आठ कुप्या, दोन तपासण्या आणि आठवडाभराची खोली असा मदतीचा आराखडा ठरतो. दानाच्या फलकावर तपासणीचे नाव शोभत नाही, हे खरे. ‘अमुक इतक्या कुप्या’ लिहिणे सोपे असते. तथापि ज्या मुलाच्या रक्तात औषध काम करीत नाही, त्याला अकरावी कुपी देऊन काय साधणार? ते काम करते आहे की नाही, हे सांगणारी एक तपासणी त्याच्या कितीतरी अधिक उपयोगाची ठरते.

आपल्यापैकी अनेकांची दुकाने औषधांच्या घाऊक आणि किरकोळ बाजारात आहेत. त्यांची जबाबदारी आणखी मोठी आहे. शीतसाखळी न तुटू देणे, पक्के बिल देणे, बॅच क्रमांक नोंदवणे आणि गुणवत्तेबद्दल शंका आलेला माल परत पाठवणे ही कामे कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. तरीही परळच्या एखाद्या वॉर्डातील सहा वर्षांच्या मुलाचा जीव त्यांवरच अवलंबून असतो. तराजूचा काटा सरळ ठेवण्याची शिकवण आपण गल्ल्यावर बसण्याआधीच घेतलेली असते. या औषधाच्या बाबतीत तो काटा युनिटमध्ये मोजायचा आहे, एवढाच फरक.